‘मन वढाय वढाय’ला रूपक का म्हणायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमची मुलगी नववीत आहे. तिला असं शिकवलंय की ओळीत ‘सारखा, जसा, परी, सम’ दिसलं की उपमा, ‘जणू, गमे, भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा आणि ‘च, म्हणजे, साक्षात, प्रत्यक्ष’ दिसलं की रूपक. परीक्षेत बहिणाबाईंची ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ ही ओळ आली. यादीतला एकही शब्द त्यात नव्हता, म्हणून तिने जागा कोरी सोडली. रूपक ओळखायचं कसं आणि ओळखून हाती काय लागतं, असं तुम्ही विचारलंय. दुसरा प्रश्न मला जास्त आवडला.

मी 31 वर्षं मराठी शिकवलं. सुरुवातीची काही वर्षं मीही हीच यादी फळ्यावर लिहून देत होतो आणि मुलांना गुणही मिळत होते. यादी वाईट आहे असं मी म्हणणार नाही. अंधारात जिना उतरताना कठड्याला हात लागावा, तेवढा तिचा उपयोग आहे. पण कठड्यावरून घर कळत नाही. ‘हा म्हणजे माझा मामेभाऊ’ या वाक्यात ‘म्हणजे’ आहे, रूपक नाही. ‘तो आलाच’ यात ‘च’ आहे, रूपक कुठलं? उलट एकनाथांच्या भारुडात ‘कामक्रोध विंचू चावला’ असं येतं. तिथे ना ‘म्हणजे’ ना ‘च’, तरी ते पुरेपूर रूपक आहे. तुमच्या मुलीने ओळ वाचून शब्द शोधला, तो सापडला नाही आणि ती थांबली. यात तिची चूक नाही. तिला शोधायला जे दिलं होतं तेच अपुरं होतं.

मग शोधायचं काय? जुन्या शास्त्रकारांनी याची उत्तरं फार नेमकी दिली आहेत. मम्मटाची व्याख्या सगळ्यांना पाठ असते: ‘तद्रूपकमभेदो य उपमानोपमेययोः’. उपमेय आणि उपमान यांच्यातला अभेद म्हणजे रूपक. ज्याच्याविषयी बोलायचं ते उपमेय, ज्याचा आधार घ्यायचा ते उपमान. पण मला दंडीचं वाक्य जास्त जवळचं वाटतं: ‘उपमैव तिरोभूतभेदा रूपकमुच्यते’. ज्या उपमेत भेद तिरोभूत झालाय ती रूपक. ‘तिरोभूत’ म्हणजे दडलेला, पडद्याआड गेलेला. भेद संपलेला नाही, तो आहे, फक्त पुढे येत नाही. मन आणि ढोर एक नाहीत हे बहिणाबाईंना पक्कं ठाऊक आहे, आपल्यालाही ठाऊक आहे. हे ठाऊक असताना ‘एकच आहेत’ असं म्हणणं, यात सगळी गंमत आहे. भेद खरोखर पुसला गेला तर तो वेगळाच प्रकार होतो. अंधारात दोरी पाहून माणूस ‘साप!’ म्हणून ओरडतो तेव्हा तो रूपक करत नसतो, त्याला भ्रम झालेला असतो. शास्त्रात त्यालाही वेगळं नाव आहे, भ्रांतिमान.

हे वर्गात समजावताना मला सर्वांत उपयोगी पडलं ते नाटक. संस्कृतात नाटकालाही ‘रूपक’ म्हणतात हे मुलांना सहसा सांगितलं जात नाही. दहाव्या शतकातल्या धनंजयाने नाट्यावर ग्रंथ लिहिला, त्याचं नावच ‘दशरूपक’, म्हणजे नाट्याचे दहा प्रकार. नाट्याला रूपक का म्हणायचं, याचं कारण तो तीन शब्दांत देतो: ‘रूपकं तत्समारोपात्’. आरोप केलेला असतो म्हणून. नटावर रामाचा आरोप, म्हणून ते रूपक. मनावर ढोराचा आरोप, म्हणून तेही रूपक. बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर आले की समोरच्या माणसाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळत होत्या: हा नारायणराव राजहंस नावाचा पुरुष आहे आणि ही ‘मानापमान’ नाटकातली भामिनी आहे. पहिली गोष्ट विसरला तर तो भ्रम, दुसरी दिसलीच नाही तर तिकिटाचे पैसे वाया. दोन्ही एकदम दिसणं म्हणजे नाटक. रूपकही तसंच वाचायचं असतं. मुलीला एवढं सांगून बघा, ‘अभेद’ हा शब्द तिला पाठ करावा लागणार नाही.

आता तुमच्या ओळीकडे येतो.

*मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर*
*किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर*

मी नोकरीतली 12 वर्षं तालुक्याच्या एका शाळेत काढली. तिथे ही कविता शिकवताना मी नेहमीप्रमाणे सांगितलं, ‘मन चंचल आहे, म्हणून त्याला ढोर म्हटलंय.’ मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, ‘सर, चंचल नाही. वढाळ.’ मी म्हटलं, फरक काय? ती उभी राहून शांतपणे सांगू लागली. चंचल म्हणजे इकडेतिकडे फिरणारं. वढाळ ढोर तसं नसतं. त्याला एकदा उभ्या पिकाची चव लागलेली असते. मग ते चरायला सोडलं की बांधावरचं गवत सोडून नेमकं त्याच पिकात शिरतं. हाकललं, चार काठ्या घातल्या, की बाहेर येतं आणि पाठ फिरली की पुन्हा तिथेच. म्हणून वढाळ गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात. लाकडाचा ओंडका, पळायला लागलं की पायात येतो. आणि शेवटी म्हणाली, ‘ते शेत बहुतेक दुसऱ्याचं असतं, सर. भांडणं होतात.’

त्या दिवशी ही कविता मला त्या मुलीने शिकवली, असं मी आजही मानतो. बघा, ‘चंचल’ म्हटल्यावर मन नुसतं भटकतं. ‘वढाळ’ म्हटल्यावर त्याला चव लागलेली आहे, ते जिथे जायला नको तिथेच जातं, मार खाऊनही परततं आणि त्याच्या जाण्याने कुणाचं तरी नुकसान होतं. ‘किती हाकला हाकला’ या ओळीतला थकवा त्या राखणदाराचा आहे, जो दिवसभर बांधावर उभा आहे. हे सगळं ‘ढोर’ या एका शब्दाबरोबर आलं. उपमेय मन, उपमान ढोर, अलंकार रूपक एवढं लिहिलं की परीक्षेत गुण मिळतात, पण कविता अजून गोठ्यातच असते.

म्हणून मी पुढे वर्गात एक पद्धत पाळली. रूपक आलं की अलंकाराचं नाव घ्यायच्या आधी वस्तू ओळखायची. वढाळ ढोर कधी पाहिलंय का? तवा चुलीवर किती तापतो? कोंदण कशाला म्हणतात? शहरातल्या मुलांना पुष्कळदा वस्तूच माहीत नसते आणि आपण त्यांना अलंकार विचारत असतो. वस्तू कळली की दोन प्रश्न: या वस्तूतलं काय काय इकडे आलं? आणि काय मुद्दाम तिकडेच राहू दिलं? ढोराची शिंगं, शेपूट, दूध यातलं काही बहिणाबाईंनी उचललं नाही. ओढ उचलली, पिकाची चव उचलली, परत येणं उचललं.

याच कवितेत पुढे किती काय आहे ते तुमच्या मुलीला दाखवा. बहिणाबाई चौधरींच्या (1880–1951) या कविता त्यांच्या निधनानंतर 1952 साली पुस्तकरूपाने आल्या. ज्या बाईला लिहितावाचता येत नव्हतं तिने एका कवितेत अलंकारांचा सगळा धडा घालून ठेवलाय. ‘मन पाखरू पाखरू’ हे पुन्हा रूपक. ‘मन मोकाट मोकाट, त्याले ठायी ठायी वाटा, जशा वाऱ्यानं चालल्या पान्यावरल्या रे लाटा’ इथे ‘जशा’ आला, ही उपमा झाली. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ ही त्यांची दुसरी प्रसिद्ध ओळही उपमाच, पुष्कळ जण तिला चुकून रूपक म्हणतात. आणि मग येतं:

*मन जह्यरी जह्यरी, याचं न्यारं रे तंतर*
*अरे इचू साप बरा, त्याले उतारे मंतर*

विंचू-साप परवडले, त्यांना मंत्राचा उतारा असतो. मनाच्या विषाला तो नाही. उपमेय उपमानापेक्षा वरचढ ठरलं की व्यतिरेक. नामदेवांच्या ‘अमृताहुनी गोड नाम तुझे देवा’मधला तोच.

इथे मला नेहमी एकनाथांचं भारूड आठवतं. सोळाव्या शतकात नाथ म्हणून गेले की कामक्रोधाचा विंचू चावला, तम घाम अंगाला आला, आणि लगेच उताराही सांगून गेले: ‘सत्त्वगुण लावा अंगारा, विंचू इंगळी उतरे झरझरा’. विंचू कामक्रोध झाला म्हणून अंगारा सत्त्वगुण होऊ शकला. एका आरोपाच्या आधारावर दुसरा आरोप उभा राहतो, त्याला शास्त्रात परंपरित रूपक म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. पण नाथ म्हणतात उतारा आहे, आणि तीनशे-साडेतीनशे वर्षांनी खानदेशातली एक शेतकरी बाई त्याच विंचवाकडे बघून म्हणते, विंचवाला आहे, मनाला नाही. विंचू तोच, निष्कर्ष उलटा. दोघांनीही घराच्या कोपऱ्यात विंचू निघालेला पाहिला होता, चावल्यावर मांत्रिकाकडे धावणारी माणसं पाहिली होती. रूपक जिवंत राहतं ते अशा पाहिलेल्या गोष्टीमुळे.

मोठं, सगळ्या अवयवांसकट उभं केलेलं रूपक बघायचं असेल तर ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायाची सुरुवात उघडा. ग्रंथ शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली पूर्ण झाला. ज्ञानेश्वर आरंभी गणेशाला वंदन करतात, पण हा गणेश मातीचा नाही, दगडाचाही नाही. ‘हें शब्दब्रह्म अशेष । तेचि मूर्ति सुवेष’. सगळं शब्दविश्वच गणेशाची मूर्ती आहे. एकदा हे म्हटल्यावर मग हात कोणते, दात कोणता, डोळे कुठले हे सांगावं लागतं. असं अवयवांनिशी चालणारं ते सांगरूपक. यातल्या ‘तेचि’, ‘तोचि’मधला ‘चि’ म्हणजे तुमच्या मुलीच्या यादीतला ‘च’. यादी अगदीच निराधार नाही, ती अशा ओळींवरूनच निघाली असणार.

मला हात आणि दात या दोनच ठिकाणी थांबायचं आहे.

*षड्दर्शनें म्हणिपती । तेचि भुजांची आकृति ।*
*म्हणौनि विसंवादें धरिती । आयुधें हातीं ॥*

सहा दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाचे सहा पंथ, हेच सहा हात. इथपर्यंत कुणीही गेला असता, सहाला सहा जुळतात. पण पुढचा ‘म्हणौनि’ वाचा. दर्शनांचं एकमेकांशी पटत नाही, त्यांच्यात विसंवाद आहे, *म्हणून* त्या हातांत वेगवेगळी आयुधं आहेत. मूर्तीत जे आधीपासून होतं, प्रत्येक हातात वेगळी वस्तू असणं, त्याला एकदम कारण मिळालं. आणि भांडणारी दर्शनं शेवटी एकाच देहाचे हात आहेत, हे न सांगता कळलं. पुढे ‘तर्क तोचि फरशु’. तर्क तोडतो, म्हणून तो परशू. ‘वेदांतु तो महारसु मोदकाचा’. बाहेरून साधी पारी, गोडवा आत. मोदक खाल्लेल्या माणसाला याचं स्पष्टीकरण लागत नाही.

मग दात: ‘एके हातीं दंतु । जो स्वभावता खंडितु । तो बौद्धमतसंकेतु । वार्तिकांचा’. गणपतीचा एक दात मोडका असतो, तो हातात धरलेला असतो. ज्ञानेश्वर म्हणतात, वार्तिककारांनी, म्हणजे जुन्या ग्रंथांवर टीका लिहिणाऱ्यांनी, ज्याचं खंडन केलं ते बौद्धमत म्हणजे हा खंडित दात. ‘खंडित’ हा एकच शब्द मोडलेल्या दातालाही लागतो आणि खोडून काढलेल्या मतालाही. आपण आज त्या मतखंडनाशी सहमत असू वा नसू, पण शब्दाची ही पकड बघण्यासारखी आहे. आणि मला सगळ्यात आवडते ती बारीक जागा म्हणजे ‘उन्मेषसूक्ष्मेक्षणु’. हत्तीचे डोळे त्याच्या देहाच्या मानाने अगदी बारीक असतात. इथे ते बारीक डोळे ज्ञानाची सूक्ष्म दृष्टी झाले. जे कुणाला उणं वाटलं असतं तेच गुण होऊन बसलं.

याच्या शेजारी शिक्षकदिनाच्या भाषणातलं नेहमीचं रूपक ठेवून बघा. शाळा म्हणजे बाग, शिक्षक माळी, विद्यार्थी फुलं. हेही सांगरूपकच, व्याकरणात काही चूक नाही. पण त्यातून नवं काय दिसतं? मी ते असंख्य वेळा ऐकलं आणि मला त्यात एक गोष्ट खटकत राहिली: फूल माळ्याला प्रश्न विचारत नाही. ‘चंचल नाही, वढाळ’ असं म्हणणारी माझी विद्यार्थिनी त्या बागेत कुठेच बसत नाही. सवयीचं रूपक असंच करतं. जे बसत नाही ते गुपचूप बाहेर ठेवतं आणि आपल्याला ते कळतही नाही.

काही वेळा उपमेय ओळीत सापडतच नाही. मर्ढेकरांची ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ पूर्ण वाचा, हे उंदीर म्हणजे कोण हे कवी एकदाही सांगत नाही. शास्त्रात याला साध्यवसान म्हणतात, उपमानाने उपमेय गिळून टाकलेलं. अशा कवितेत उपमेय एकच ठरवण्याचा हट्ट करू नये, एवढंच मी मुलांना सांगत असे.

कवितेबाहेर येऊ. रूपक ही कवींची मिरास आहे असं वाटत असेल तर घरातलं बोलणं ऐका. मडक्याला गळा आणि पोट, करवतीला दात, कपाला कान, डोंगराला माथा, नदीला मुख, उसाला डोळा. हे इतकं रुळलंय की कुणाला त्यात अवयव दिसत नाही. ‘कुशल’ म्हणजे मूळ अर्थाने दर्भ नीट तोडून आणणारा, ‘प्रवीण’ म्हणजे वीणेत तरबेज. आज आपण कुशल डॉक्टर आणि प्रवीण सुतार म्हणतो, दर्भ आणि वीणा दोन्ही विरून गेले. ‘कुशल’चं हे उदाहरण मम्मटानेच रूढ लक्षणेसाठी, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सुटून दुसराच अर्थ रुळतो त्यासाठी, दिलंय.

काही रूपकं मात्र एकेकट्या शब्दात नसून कुटुंबच्या कुटुंब असतात. रागाचं बघा. डोकं तापतं, माणूस भडकतो, पेटतो, तळपायाची आग मस्तकात जाते, कुणी आतल्या आत धुमसत राहतो, कुणी आगीत तेल ओततं, मग कुणी समजूत घातली की तो थंड होतो. राग म्हणजे आग, हे आपण कधी ठरवून म्हणत नाही, पण बोलतो सगळं त्या हिशोबाने. अमेरिकेत लेकॉफ आणि जॉन्सन यांनी 1980 साली हीच गोष्ट इंग्रजीच्या आधारे मांडली की रूपक विचारातच असतं, बोलण्यात ते फक्त उमटतं. पण इंग्रजीत एखाद्याचं स्वागत मायेने केलं तर ते ‘उबदार’ असतं आणि थंड माणूस म्हणजे प्रेम नसलेला. मराठीत लेकरू भेटलं की आईचे डोळे निवतात, जीव थंड होतो, काळीज गार होतं. आपल्याकडे सुख गारव्याचं आहे. वैशाखात उन्हातून चालत आलेल्या माणसाच्या हातात आधी पाण्याचा तांब्या देणाऱ्या मुलुखाची ही भाषा आहे. म्हणून ‘उबदार स्वागत’ असा शब्द मराठी बातमीत वाचला की मला तो उसना वाटतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कारण तुमची मुलगी नववीत आहे. ‘मुलगी म्हणजे परक्याचं धन’ हेही रूपकच. यादीतला ‘म्हणजे’ आहे, उपमेय-उपमान स्पष्ट आहेत, व्याकरणाच्या पुस्तकात शोभेल असं आहे. ते फार जुनंही आहे. कालिदासाच्या शाकुंतलात चौथ्या अंकात शकुंतलेची पाठवणी झाल्यावर कण्व म्हणतो, ‘अर्थो हि कन्या परकीय एव’. मुलगी ही दुसऱ्याचीच ठेव. त्याच श्लोकाच्या शेवटी तो म्हणतो की ठेव परत केल्यावर वाटावं तसं, ‘प्रत्यर्पितन्यास इव’, माझं मन आता मोकळं झालं. पहिल्या अर्ध्यात रूपक, दुसऱ्या अर्ध्यात ‘इव’ म्हणजे उपमा. एका श्लोकात दोन्ही शिकवता येतात, आणि मी शिकवत होतो.

आता आपले दोन प्रश्न याला लावा. धनातलं काय आलं? जपणं आलं, कुलूप आलं, हिशोब आला, मूळ मालक दुसरा आहे हे आलं, वेळ झाली की सोपवून मोकळं होणं आलं. काय मागे राहिलं? धनाला इच्छा नसते. ठेवीला कुणी विचारत नाही, तुला कुठे जायचंय. ठेवीच्या शिक्षणावर कुणी खर्च करत नाही. ज्या घरांत हे वाक्य सहज बोललं जातं, त्या घरांतल्या हुशार मुली दहावीनंतर शाळेतून काढलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या आईबापांना मुलीची माया नव्हती असं मुळीच नाही. ते एका रूपकाच्या आत राहून विचार करत होते आणि त्या रूपकात मुलीचं मत मावतच नव्हतं. ‘वंशाचा दिवा’ हे त्याच घरातलं दुसरं टोक. कर्करोगाने गेलेल्या माणसाबद्दल ‘झुंज अपयशी ठरली’ असं छापून येतं तेव्हाही मला तसंच अस्वस्थ वाटतं. आजारपण म्हणजे युद्ध म्हटलं की गेलेला माणूस हरलेला ठरतो. तो हरला नव्हता, तो आजारी होता.

रूपक ओळखून काय मिळतं, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे, ताई. जी मुलगी ‘परक्याचं धन’ ऐकून ‘यात धनाचं काय आलं आणि माझं काय राहून गेलं’ असं विचारू शकते, तिला परीक्षेतल्या दोन गुणांपेक्षा मोठं काहीतरी मिळालेलं असतं.

आता सरावाचं. परीक्षेत तिने ओळ वाचून आधी हे विचारावं: इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत का, आणि कवी त्यांना ‘सारखी’ म्हणतोय, ‘जणू’ म्हणतोय की ‘तीच’ म्हणतोय? ‘तीच’ असेल तर रूपक, मग शब्द ‘च’ असो वा नसो. ‘देह देवाचे मंदिर’मध्ये कुठे ‘च’ आहे? उत्तर लिहिताना उपमेय आणि उपमान लिहावं आणि शक्य तर एका वाक्यात दोघांना जोडणारं काय ते लिहावं. बहुतेक तपासनीस त्या एका वाक्यावर खूश होतात, हे मी पेपर तपासले म्हणून सांगतो.

आणि घरी एक खेळ करा. मी वर्गात करत असे. घरातल्या एका माणसावर रूपक लिहायचं, अट एकच: चंद्र, कमळ, फूल, दिवा, सागर वापरायचे नाहीत, उपमान घरातलं किंवा गल्लीतलं हवं. पहिल्या दिवशी मुलं पेन चावत बसतात. एका मुलाने दुसऱ्या दिवशी लिहून आणलं होतं, ‘आमची आजी म्हणजे आमच्या घराचं जोतं.’ मी विचारलं, जोतंच का, छप्पर का नाही? तो म्हणाला, ‘छपराकडे सगळे बघतात, सर. जोत्यावर पाय देऊन आत जातात.’

ते जमलं की तिच्यासमोर पसायदान ठेवा. शाळेच्या परिपाठात ती ते रोज म्हणत असेल. ‘चंद्रमे जे अलांछन । मार्तंड जे तापहीन । ते सर्वांही सदा सज्जन । सोयरे होतु’. सज्जन हे चंद्र आणि सूर्य आहेत, पण कसला चंद्र आणि कसला सूर्य ते तिला नीट वाचायला सांगा. डाग काढून घेतलेला चंद्र, दाह काढून घेतलेला सूर्य. मग त्याच्या आधीची ओवी: ‘चलां कल्पतरूंचे अरव । चेतना चिंतामणींचें गाव । बोलते जे अर्णव । पीयूषाचे’. चालणारी कल्पतरूंची बाग, जिवंत चिंतामण्यांचा गाव, बोलणारे अमृताचे समुद्र. कल्पतरू, चिंतामणी, समुद्र या तिघांत मुळात काय नव्हतं, जे ज्ञानेश्वरांना घालावं लागलं, आणि ते का घालावंसं वाटलं असेल, हे तिला विचारा. तिने उत्तर दिलं तर मला जरूर कळवा, मला ते वाचायचं आहे.